कोकणात टीव्हीची बातमीदारी सुरू करताना

लांजा, गुहागर, देवगड, मुरूड अशा ठिकाणी राहून टीव्हीसाठी बातमीदारी करायची इच्छा असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. मुंबईच्या स्टुडिओत जाऊन अँकर होण्याची वाट वेगळी आहे, तिच्याबद्दल इथे काही नाही. बूम, म्हणजे वाहिनीचं नाव लिहिलेला माइक, हातात घेऊन आपल्याच तालुक्यात फिरायचं ठरवलं, तर पहिली तीन-चार वर्षं कशी काढायची, एवढंच सांगायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही वर्षं पडद्यावर दिसण्यासाठी नसतात, तालुका पाठ करण्यासाठी असतात. मुंबईहून आलेली ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाची गाडी, दोन दिवसांनी परत जाते. तुम्ही मात्र त्याच बाजारात मासे घ्यायला जाणार असता आणि ज्याच्याबद्दल बातमी केली त्याच्याच शेजारी एसटीत बसणार असता. तुमच्या बातमीतलं काय खरं ठरलं आणि काय नाही, हे गावाला दुसऱ्या दिवशी कळतं आणि ते गाव विसरत नाही.

पहिली पायरी: काम कोणत्या प्रकारचं आहे ते समजून घ्या

एक काळ होता, टीव्हीवरच्या मराठी बातम्या म्हणजे दूरदर्शन. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा आलं, २००८ मध्ये आयबीएन लोकमत आलं, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत वाहिन्यांना माणसं लागू लागली. आज चार प्रकारची कामं दिसतात. वाहिनीचा पगारी जिल्हा प्रतिनिधी, असे फार थोडे. बातमीमागे मानधन घेणारा स्ट्रिंगर, बहुतेक जण याच गटात असतात. स्थानिक केबल वाहिनीचा किंवा यूट्यूब चॅनेलचा बातमीदार. आणि दूरदर्शन, आकाशवाणीसाठी अर्धवेळ काम करणारा वार्ताहर.

तुम्ही बहुधा स्ट्रिंगर किंवा केबलचा बातमीदार म्हणून सुरुवात कराल. स्ट्रिंगरला पगार नसतो. लागलेल्या बातमीचे पैसे मिळतात आणि तेही बऱ्याचदा काही महिने उशिरा. पेट्रोल, मोबाईलचा डेटा, कॅमेऱ्याची दुरुस्ती हे सगळं आपलं. म्हणून पहिल्या दिवसापासून उत्पन्नाचं दुसरं साधन ठेवा. कोणी शिकवण्या घेतं, कोणी लग्नाचं शूटिंग करतं, कोणाची आंब्याची कलमं असतात, कोणी एखाद्या दैनिकालाही बातम्या देतं. यात कमीपणा काही नाही. उलट ज्याचं घर दुसऱ्या कामावर चालतं त्याला बातमी दाबण्यासाठी विकत घेणं कठीण जातं.

काम धरताना विचारायच्या गोष्टी अशा. नेमणुकीचं पत्र मिळेल का? एका बातमीला किती, आणि लागली नाही तर काही मिळणार का? आपण काढलेलं फुटेज दुसरीकडे देता येईल का? विमा आहे का? जाहिराती आणाव्या लागतील का? शेवटचा प्रश्न नक्की विचारा. वाढदिवस, दिवाळी, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी या निमित्ताने जाहिराती गोळा करायला बातमीदारालाच पाठवायची पद्धत छोट्या वाहिन्यांत सर्रास आहे. ज्या ठेकेदाराच्या रस्त्याची बातमी करायची, त्याच्याच दारात शुभेच्छांच्या जाहिरातीसाठी उभं राहायचं, हे दोन्ही एकाच माणसाने करू नये. नाइलाज असेल तर निदान ज्या खात्यांवर आणि माणसांवर आपण बातम्या करतो त्यांच्याकडे जाहिरात मागायला आपण जाणार नाही, असं मालकाला स्पष्ट सांगा.

आणि आयकार्ड, बूम किंवा ‘तालुका प्रतिनिधी’ पदासाठी कोणी तुमच्याकडे अनामत रक्कम मागत असेल, तर तिथून उठून या. खरी वाहिनी बातमीदाराला पैसे देते, त्याच्याकडून घेत नाही.

दुसरी पायरी: तालुका पाठ करा

कॅमेरा घ्यायच्या आधी वही घ्या. मोबाईलमध्ये नंबर असतातच, पण मोबाईल पाण्यात गेला की सगळं गेलं, म्हणून वही. त्यात कलेक्टर, एसपी, प्रांत यांचे नंबर लिहाच, पण तुमची बातमी त्यांच्याकडून सुरू होणार नाही. ती सुरू होते पोलीस पाटलाकडून, कोतवालाकडून, तलाठी, ग्रामसेवक, महावितरणचा वायरमन, एसटी डेपोतला वाहतूक नियंत्रक, रेल्वे स्टेशनवरचा कर्मचारी, मच्छीमार सोसायटीचा सचिव, प्राथमिक आरोग्य केंद्राचा रुग्णवाहिका चालक, आणि घाटाच्या तोंडावर चहाची टपरी चालवणारा माणूस यांच्याकडून. दरड पडली की पहिला फोन कोणाचा येतो, तर घाटातल्या टपरीवाल्याचा. पण तो फोन यायला हवा असेल, तर दरड पडलेली नसतानाही तिथे थांबून चहा प्यायला हवा.

कोकणात गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. एका गावाच्या आठ-दहा वाड्या, त्या डोंगरउतारावर लांब लांब पसरलेल्या, आणि वरच्या वाडीतून खालच्या वाडीत जायला कधी कधी अर्धा तास. गुरववाडी, बौद्धवाडी, कुंभारवाडी, धनगरवाडी ही नावं गावोगाव सापडतात. म्हणून वहीत आणि बातमीत वाडी, गाव, तालुका हे तिन्ही लिहायची सवय लावून घ्या. याचं महत्त्व पुढे पावसाच्या भागात कळेल.

वर्षाचं चक्रही वहीत मांडा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. मग गणपती: चाकरमान्यांच्या गाड्या, महामार्गावरची कोंडी, रेल्वेचं वेटिंग. भातकापणीच्या वेळचा परतीचा पाऊस. थंडी लागली की आंब्याचा मोहोर, मग तुडतुडा आणि फुलकिडे, मग वाशीला जाणारी पहिली पेटी. शिमग्याच्या पालख्या. मालवण तालुक्यातली आंगणेवाडीची जत्रा, जिची तारीख कॅलेंडरवर नसते, देवीच्या कौलाने ठरते. आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर धावतात, आणि टंचाईच्या यादीत धनगरवाड्या बहुधा सगळ्यात वर असतात. ही बातमी दरवर्षी होते म्हणून ती शिळी समजू नका. मागच्या तीन वर्षांच्या टंचाई आराखड्यात त्याच वाडीचं नाव आहे का, तिथल्या नळपाणी योजनेवर किती खर्च झाला, हे पाहिलंत की तीच बातमी वेगळी होते.

यासाठी माहितीचा अधिकार शिका. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत, उत्तराची मुदत ३० दिवस. महिन्याला एक अर्ज टाकायची शिस्त ठेवलीत, तर वर्षाच्या शेवटी तुमच्याकडे दुसऱ्या कोणाकडे नसलेले कागद असतात.

भाषेबद्दल एकच गोष्ट. मालवणीत, संगमेश्वरीत, आगरी-कोळी बोलीत किंवा कोकणी मुसलमानांच्या बोलीत माणूस जे बोलतो ते तसंच घ्या. ‘जरा शुद्ध मराठीत बोला’ म्हटलं की समोरची म्हातारी आखडते आणि मग नुसतं ‘हो, त्रास होतो’ एवढंच सांगते. डेस्कला, म्हणजे वाहिनीच्या कार्यालयात बातमी घेणाऱ्यांना, कळणार नाही अशी भीती असेल तर बाईटचा (कॅमेऱ्यासमोरच्या त्या बोलण्याचा) अर्थ खाली लिहून पाठवा.

तिसरी पायरी: सामान आणि हात

सुरुवातीला बरा मोबाईल पुरतो. त्याबरोबर वायरचा कॉलर माइक, छोटा ट्रायपॉड, दोन पॉवर बँक. समुद्राचा वारा माइकमध्ये घुसला की बाईट वाया जातो, त्यामुळे माइकला फरचं टोपण हवंच. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवा, कारण सड्यावर एकाची रेंज असते आणि खाली खाडीकाठी दुसऱ्याची. तालुक्यात कुठल्या वळणावर, कुठल्या देवळाच्या पायरीवर व्हिडिओ पटकन अपलोड होतो, ते वहीत टिपून ठेवा. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, म्हणून कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवा. किनाऱ्यावर शूट केल्यावर खारं पाणी बसलेलं असतं, ते त्याच संध्याकाळी पुसा.

शूट करताना मोबाईल आडवा. शॉट लावला की मनात दहापर्यंत मोजा, तोवर हलवू नका. एक लांबचा, एक मधला, एक जवळचा, आणि हातांचे, पायांचे, वस्तूंचे दोन-चार शॉट. संपादकाला कापायला हेच लागतात. जागेचा आवाज वेगळा घ्या: ओढ्याचा, लिलावाचा, ढोलाचा. संध्याकाळी समुद्र मागे ठेवून माणसाला उभं केलं तर त्याचा चेहरा काळा पडतो. त्याला वळवा, सूर्य तुमच्या पाठीशी येऊ द्या.

बाईट सुरू करताना कॅमेरा चालू असतानाच नाव, आडनाव, गाव आणि पद विचारून घ्या. पडद्याच्या खालच्या पट्टीवर आडनाव चुकणं ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही, घरच्यांना ते वर्षानुवर्षं आठवतं.

चौथी पायरी: एक बातमी पूर्ण करा

समजा, एका वाडीकडे जाणारा साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, वाहून गेला आहे आणि मुलं ओढ्यातून शाळेत जातात. अशा बातमीची स्क्रिप्ट नव्या मुलांकडून बहुतेक वेळा अशी येते: ‘प्रशासनाच्या ढिसाळ कारभाराचा फटका, चिमुकल्यांचा जीवघेणा प्रवास, ग्रामस्थांमध्ये संतापाची लाट.’ यात एकही माहिती नाही. कुठल्या प्रशासनाचा, काय फटका, लाट कोणी पाहिली?

आता असं पाहा: ‘खालच्या वाडीतली चौदा मुलं शाळेत जायला रोज ओढा ओलांडतात. इथला साकव जुलैच्या पहिल्या आठवड्यात वाहून गेला. नवा साकव मंजूर आहे, पण कामाचा आदेश अजून निघालेला नाही, असं उपअभियंत्यांचं म्हणणं आहे. तोपर्यंत पाणी वाढलं की मुलांना अडीच किलोमीटर फिरून जावं लागतं.’ चार वाक्यांत किती मुलं, कधीपासून, कोणाकडे अडलंय आणि पर्याय काय, हे सगळं आलं. पाहणाऱ्याला राग यायचा असेल तर तो यातूनच येतो, आपण वेगळा ओतावा लागत नाही.

हे लिहायला तुम्हाला मुलं मोजावी लागतात, त्या अडीच किलोमीटरच्या रस्त्याने स्वतः चालावं लागतं, आणि पंचायत समितीत किंवा बांधकाम खात्यात जाऊन फाईल कुठे आहे ते विचारावं लागतं. अधिकाऱ्याचा बाईट त्याच दिवशी घ्या. तो नसेल तर फोन करा, मेसेज टाका, आणि किती वाजता विचारलं त्याची नोंद ठेवा. ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ हे वाक्य खरोखर प्रयत्न केल्यावरच वापरायचं.

पॅकेज, म्हणजे तयार झालेली पूर्ण बातमी, दीड ते दोन मिनिटांचं. त्यात बाईट पंधरा-वीस सेकंदांचे. मुलांना ओढ्यातून ‘पुन्हा एकदा जाऊन दाखवा’ असं कधीही सांगू नका. सकाळी लवकर जाऊन थांबा, ती जातील तेव्हा घ्या, आणि पाणी धोक्याचं दिसलं तर कॅमेरा ठेवून आधी मुलांना पलीकडे न्या.

पाचवी पायरी: पावसाळा

कोकणातल्या बातमीदाराची खरी परीक्षा जून ते ऑगस्टमध्ये होते. या किनारपट्टीच्या तारखा पाहा. २६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यातल्या दासगाव आणि जुई इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहर पुरात बुडालं, त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळीये गाव दरडीखाली गेलं, तिथवर मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. पूल गेला, धरण फुटलं ते रात्रीच, वीज आणि रेंज नसताना. निसर्गनंतर कित्येक गावांत मोबाईल लागत नव्हते, वीज यायला आठवडे लागले. म्हणून मे संपायच्या आत गाडीत पेट्रोल, खिशात रोख पैसे, भरलेल्या बॅटऱ्या, टॉर्च, दोरी, शिट्टी आणि घरी एक चिठ्ठी, की मी कुठल्या रस्त्याने कुठे चाललो आहे. या तयारीत कंटाळा करू नका.

पावसाचे शब्द नीट शिकून घ्या. हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे पाऊस पडला असं नव्हे, पडण्याची दाट शक्यता आहे आणि यंत्रणेने हलायला हवं, असा तो इशारा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की मुसळधार, ११५.६ च्या वर अति मुसळधार, २०४.५ च्या वर त्याहून पुढची पायरी. ही मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ अशी होते. महसूल खात्याची ‘अतिवृष्टी’ वेगळी: एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ती धरली जाते, आणि पंचनामे, नुकसानभरपाई याच आकड्यावर अवलंबून असतात. मंडळनिहाय आकडे तहसील कार्यालयात रोज मिळतात. शेतकऱ्याला जिल्ह्याच्या सरासरीशी देणंघेणं नसतं, आपल्या मंडळाचा आकडा हवा असतो, तो द्या.

नद्यांच्या इशारा पातळी आणि धोका पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेडची जगबुडी, चिपळूणची वाशिष्ठी, संगमेश्वरची शास्त्री, राजापूरची कोदवली, महाडची सावित्री: आपल्या नदीचे दोन्ही आकडे पाठ हवेत. त्याबरोबर भरतीचं वेळापत्रक. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात समुद्र नदीचं पाणी आत घेत नाही, आणि वर पाऊस चालू असेल तर बाजारपेठेत पाणी चढतं. वाशिष्ठीत कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी कोळकेवाडीमार्गे येतं, तेव्हा चिपळूणच्या बातमीदाराने तिथल्या विसर्गाची चौकशी स्वतः करायला हवी. हे सगळं ठाऊक असलेला बातमीदार ‘पाणी वाढतंय’ एवढंच सांगून थांबत नाही, भरती किती वाजता आहे आणि पुढचे किती तास जपायचे हेही सांगतो. अशा वेळी आपल्या बातमीचा लोकांना याहून मोठा उपयोग नाही.

आता वाडीच्या नावाबद्दल. आपला अर्धा प्रेक्षक गावात नसतो. तो नालासोपाऱ्यात, डोंबिवलीत, लालबागच्या चाळीत टीव्हीसमोर बसलेला असतो आणि त्याची आई गावात एकटी असते. रात्री फोन लागत नाही, रस्ते बंद, आणि पट्टीवर चुकीच्या वाडीचं नाव येतं. त्या घरात त्या रात्री काय होत असेल, याचा विचार करून मगच नाव पाठवा. वाडी, गाव, तालुका दोन माणसांकडून खात्री करून. मृतांचा आकडा तहसीलदार किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाकडूनच घ्यायचा, ‘बेपत्ता’ आणि ‘मृत’ यांची बेरीज करायची नाही, आणि घरच्यांना कळण्याआधी नाव सांगायचं नाही. दुसऱ्या वाहिनीने मोठा आकडा लावला म्हणून डेस्कवरून फोन येईल. शांतपणे सांगा, ‘इथे उभा आहे, अधिकृत आकडा एवढा आहे.’ एक-दोन वर्षांत तोच डेस्क दुसऱ्यांचे आकडे तुमच्याकडून तपासून घ्यायला लागतो.

वाहत्या पाण्यात उभं राहून पीटूसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे पाहून बोलणं, करू नका. दरडीखाली जाऊ नका, एक पडली की दुसरी पडण्याची शक्यता असते. बचाव पथकाची वाट अडवू नका. मृतदेहाचा चेहरा दाखवायचा नाही. ज्याचं घर गेलं त्याच्यासमोर माइक धरून ‘कसं वाटतंय’ विचारायचं नाही. त्याला बोलायचं असेल तर तो बोलतो, नसेल तर त्याच्या शेजारी बसून राहा.

आणि परत जा. महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने. पंचनामा झाला का, पैसे खात्यात आले का, निवारा शेडमध्ये पाणी गळतं का, पुनर्वसनाची जागा ठरली का. मुंबईची टीम हे करू शकत नाही. तुम्ही करू शकता, आणि बाकीच्या कामात कितीही उन्नीस-बीस झालं तरी हे सोडू नका.

सहावी पायरी: भांडणाच्या बातम्या

एन्रॉनपासून जैतापूर, नाणार, बारसूपर्यंत कोकणात प्रकल्पांवरून गावं दुभंगली आहेत. एकाच घरात एक भाऊ समर्थक आणि दुसरा विरोधक असतो. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन-एलईडीवाले (मोठी वेढा जाळी आणि प्रखर दिवे वापरून मासे पकडणारे) यांचंही तसंच. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंना एकाच दिवशी भेटा, आणि दोघांच्या बाईटला सारखाच वेळ द्या. घोषणांपेक्षा कागदाकडे लक्ष द्या: सातबारा, फेरफार, जमिनीचे व्यवहार कधी झाले, कोणी घेतली. ही बातमी मोर्चाच्या बातमीपेक्षा जड असते.

जड असते म्हणजे काय, तेही ठाऊक हवं. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे रिफायनरीच्या विषयावर लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. त्यांचं नाव या किनाऱ्यावरच्या प्रत्येक नव्या बातमीदाराला माहीत असलंच पाहिजे. धमकी आली तर ती त्याच दिवशी संपादकाला आणि पोलिसांना लेखी कळवा, कॉलची नोंद जपा, कागदांच्या प्रती दुसऱ्या कोणाकडे ठेवा, आणि त्या काळात एकट्याने रात्रीचा प्रवास टाळा. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरोधात महाराष्ट्रात २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, तक्रार देताना त्याचा उल्लेख करा.

कायद्याचं आणखी थोडं. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख पटेल असं काहीही दाखवायचं नाही: नाव, चेहरा, घर, शाळा, नातेवाईक, काहीच नाही. लहान गावात ‘अमुक वाडीतली मुलगी’ एवढ्यानेही ओळख पटते. आत्महत्येच्या बातमीत पद्धत सांगायची नाही. ड्रोन उडवण्याआधी नियम आणि परवानगी पाहा, बंदरं आणि विमानतळांच्या आसपास तर नक्कीच.

सातवी पायरी: ओळखीपाळखी

पत्रकार परिषदेनंतर पाकीट पुढे येईल. पहिल्यांदाच हसून परत करा. एकदा घेतलंत की पुढच्या वेळी नाही म्हणता येत नाही. भावकीतल्या माणसाची बातमी आली तर डेस्कला नातं सांगा आणि ती दुसऱ्याला करू द्या. कोकणात नाती इतकी गुंतलेली असतात की हे वर्षातून दोन-चारदा होणारच.

पत्रकारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फुटेज फिरतं. पुरात एकमेकांना फुटेज देणं ही इथली चांगली रीत आहे, ती पाळा. पण फुटेजसोबत आलेली माहिती स्वतः खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका, आणि जुन्या पुराचा व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्याने फिरतो हेही ध्यानात ठेवा. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्या तारखेला पत्रकार दिन होतो आणि तालुक्यातले सगळे पत्रकार एका ठिकाणी भेटतात. तिथे जा, ज्येष्ठांच्या शेजारी बसा, तालुक्याचा जुना इतिहास तिथे ऐकायला मिळतो.

मुलींना एक वेगळं सांगायला हवं. ‘रात्री कशाला जातेस’ हे घरून आणि खात्यांतूनही ऐकावं लागेल. रात्रीच्या घटनेला दुसऱ्या बातमीदाराबरोबर जायची व्यवस्था आधीच ठरवून ठेवा, डेस्कला तुमचं लोकेशन द्या. आणि हे लक्षात घ्या की पाण्याची, दवाखान्याची, शाळेची, मासळी विकणाऱ्या बायकांची बातमी घराच्या मागच्या पडवीत मिळते, तिथे पुरुष बातमीदाराला प्रवेश नसतो. त्या बातम्यांना दुय्यम समजू देऊ नका.

आठवी पायरी: कॅमेऱ्यासमोर

हे मुद्दाम इतक्या उशिरा. ओरडायचं नाही, धावत बोलायचं नाही. लाईव्हमध्ये इयरफोनला आवाज उशिरा येतो, तेव्हा प्रश्न पूर्ण होऊ द्या. तीन मुद्दे मनात ठेवा: काय झालं, आत्ता काय स्थिती आहे, पुढे काय. अँकरने असं काही विचारलं जे तुम्हाला माहीत नाही, तर ‘ते अजून अधिकृतपणे कळलेलं नाही’ म्हणा. रोज संध्याकाळी घरी एका बातमीचं एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. सहा महिन्यांत फरक पडतो.

नववी पायरी: काम मागायला जाताना

पदविका हवी असेल तर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, घरी राहून करायचं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. चांगलंच. पण इनपुट एडिटर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या बातम्या पाहणारा वाहिनीचा संपादक, आधी काम पाहतो. त्याला तीन बातम्या पाठवा: एक घटनेची, एक पाठपुराव्याची, एक माणसाची किंवा सणाची. प्रत्येकी दोन मिनिटांच्या आत, स्क्रिप्ट वेगळी, पट्टीवरची नावं तपासलेली. सोबत एक पान: तालुक्यातल्या नद्या, घाट, बंदरं, मोठे प्रकल्प, कुठून किती वेळात पोचता येतं, रेंज कुठे आहे. हे पान पाहून समोरच्याला कळतं की या मुलाला किंवा मुलीला तालुका माहीत आहे.

संध्याकाळी बुलेटिनच्या घाईत फोन करू नका, दुपारी जेवणानंतर करा. आणि मे महिन्यातच करा, पाऊस सुरू व्हायच्या आधी.